गुरुवारचा कान

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दुमजली इमारतीत वर आमच्या दैनिकाची कचेरी होती आणि खाली डॉ. बसवंत सलगरे यांचा दातांचा दवाखाना. इमारतीत दिवसभर दोन आवाज चालत. वर टेलिप्रिंटरचा, खाली डॉक्टरांचा. टेलिप्रिंटर अधूनमधून बंद पडत असे.

डॉक्टर ओरडून बोलत, कारण त्यांना ऐकू कमी येत असे. त्यांचे लहानपण वडिलांच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये गेले होते. अभ्यास तिथेच, जेवण तिथेच, दुपारची झोपही तिथेच. दंतवैद्यकी शिकायला मुंबईला गेले तेव्हा वसतिगृहातल्या शांततेमुळे पहिले पंधरा दिवस झोप लागली नाही, असे ते सांगत. जाड आवाज त्यांना ऐकू येत. बारीक, किणकिणते आवाज येत नसत. ट्रकचा हॉर्न कळे, सायकलची घंटी कळत नसे. त्यामुळे रस्ता ओलांडताना ते ट्रकला भीत नसत, सायकलला भीत. कारखान्यांची पाळी सुटून अक्कलकोट रोडकडून सायकलींचा लोंढा आला की तो संपेपर्यंत ते दवाखान्याच्या पायरीवर उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या दातांकडे बघत.

त्यांच्या मोठ्या आवाजाचा त्रास पेशंटांना होई. "तुमच्या तोंडाला वास येतो!" हे वाक्य ते खासगीत सांगितल्यासारखे, पुढे वाकून, रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगत. शहरातल्या एका मुख्याध्यापकांना कवळी आहे, ही गोष्ट त्यांच्या पत्नीला लग्नानंतर अकरा वर्षांनी आमच्या जिन्यात उभी असताना कळली. आमच्या वृत्तसंपादकांनी त्यानंतर नियमच केला, की जमिनीतून वर येणारी माहिती बातमी म्हणून वापरायची नाही.

दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: "दात काढण्यापूर्वी विचार केला जाईल."

हा विचार ते कानाने करत. एक्सरेचे यंत्र त्यांच्याकडे होते, पण त्यावर विश्वास कमी. तोंड बघण्याच्या छोट्या आरशाची दांडी उलटी धरून ते दातावर हलकेच आपटत आणि आवाजावरून निदान करत. त्यासाठी त्यांनी तीन शब्द ठरवले होते. दात हाडात पक्का असेल तर "टण". ठीक, पण लक्ष ठेवावे असा असेल तर "टक". आणि कारभार आटोपला असेल तर "थप". एका लांबट वहीत पेशंटाचे नाव, दाताचा क्रमांक आणि यापैकी एक शब्द, एवढीच नोंद असे.

"डोळा फसतो, पेशंट फसवतो," ते म्हणत. "दात वाजवला की खरं बोलतो. मागाचा बोल्ट ढिला झाला की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला, आणि सगळ्यात शेवटी मालकाला."

पद्धतीत एकच अडचण होती. "टण" आणि "टक" यांतला फरक शेवटच्या बारीक नादात असतो, आणि नेमका तोच नाद डॉक्टरांना ऐकू येत नसे. त्यामुळे त्यांना दुसऱ्याचा कान लागे. बाकावर बसलेल्यांपैकी कोणालाही ते आत बोलावत. बाक रिकामा असला तर जिन्याच्या तोंडाशी येऊन वर हाक मारत:

"ओ दैनिकवाले! कान पाठवा की!"

दुपारी तीनच्या सुमाराला पानांचे काम सुरू झालेले नसे. मी उपसंपादकांत सर्वांत नवा होतो. वृत्तसंपादक मान वर न करता म्हणत, "जा, कान द्या." असा मी गुरुवारचा कान झालो. गुरुवारच का, तर त्या दिवशी बाजार भरत नसे आणि बाकावर माणसे कमी असत.

वाजवून बघण्याची सवय दातांपुरती राहिली नव्हती. डॉक्टर नारळ वाजवत, कलिंगड वाजवत, बाकाचे पाय वाजवत. आमच्या संपादकांचे टेबल एकदा वाजवून त्यांनी "याला वाळवी आहे" असे सांगितले आणि दोन महिन्यांनी ते टेबल अग्रलेखासह खाली बसले. एका शाळेच्या बक्षीस समारंभात ते शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांशी बोलता बोलता थांबले, खिशातला आरसा काढला आणि म्हणाले, "साहेब, जरा आ करा." साहेबांनी सवयीने आ केला. डॉक्टरांनी दांडी आपटली आणि सभेकडे वळून विचारले, "काय वाजलं?" पुढच्या रांगेतल्या चौथीच्या मुलांनी एका सुरात सांगितले, "थप!" माइक चालू होता. पाहुण्यांचे भाषण त्या दिवशी छोटे झाले.

दगडू मास्टरांची गोष्ट या सवयीतूनच सुरू होते आणि तिथेच संपते.

दगडू मास्टर जवळच्या कुंभारी गावचे. त्यांचा अकरा जणांचा बँड होता आणि ते क्लॅरिनेट वाजवत. बँडवाल्यांत एक रीत होती. क्लॅरिनेटवाला छातीवर जरीचा पट्टा लावून सगळ्यांच्या पुढे चालतो. त्याचे दात गेले की फुंक फुटते, मग त्याच्या हातात झांजा देतात आणि तो सगळ्यांच्या मागे चालतो. याला त्यांच्यात "झांजंवर जाणं" म्हणत. मास्टरांचे वडील झांजेवर गेले ते परत पुढे आले नाहीत. वाद्य मास्टरांचे, गणवेश मास्टरांचे, पण पुतण्या क्लॅरिनेट शिकून तयार होता आणि काकांच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होता.

मास्टरांचा वरचा पुढचा दात एका वरातीत गेला. घोड्याने मान उडवली, ती क्लॅरिनेटच्या खालच्या टोकाला लागली आणि वरचे टोक मास्टरांच्या दाताला. डॉक्टरांनी आधी साधा, काढता-घालता येणारा दात बसवून दिला. तो तीन लग्ने टिकला. चौथ्या लग्नात मंगलाष्टके संपली, "वाजवा रे" झाले, मास्टरांनी पहिला सूर फुंकला आणि नवरदेवाच्या फेट्यावर अक्षतांबरोबर एक दात पडला. तो कोणत्या पक्षाचा, यावर वाद झाला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी आपापली तोंडे तपासून घेतली. मास्टरांनी ओठ मिटून हात वर केला तेव्हा प्रकरण मिटले.

दुसऱ्या दिवशी मास्टर सायकलवरून दवाखान्यात आले. गुरुवार होता, मी खाली होतो.

"डाक्टर, आसा दात द्या की मेलो तरी निघणार न्हाय."

"मेल्यावर कशाला पाहिजे?"

"मेल्यावर नगं. पर जित्तेपणी झांजंवर जाणार न्हाय. पुतण्या कालच म्हणला, काका, पट्टा माझ्या मापाचा करून घेऊ का?"

डॉक्टरांनी कपाटातून खोकल्याच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेले दोन छोटे स्क्रू होते. परदेशी स्थायिक झालेल्या वर्गमित्राने ते पाठवले होते. असा स्क्रू जबड्याच्या हाडात रोवायचा, हाड त्याला धरेपर्यंत थांबायचे आणि मग त्यावर दात बसवायचा. सोलापुरात तोवर कोणी हे केल्याचे ऐकिवात नव्हते. डॉक्टरांनी त्यावर मिळेल तेवढे वाचले होते, मुंबईला जाऊन एकदा बघितलेही होते, आणि डबा वर्षभर उघडून बंद केला होता.

"हे टायटॅनियम," डॉक्टर म्हणाले. "हाडाला हे आपलंच वाटलं पाहिजे. त्याला चार महिने लागतात. तेवढ्यात हलवलं, दाबलं, घाण साचू दिली, की हाड म्हणतं, हा पाहुणा कोण? आणि बाहेर काढतं."

"पाव्हण्याला आमी न्हाय काढत."

"हाड काढतं. आता ऐका. मिसरी बंद."

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने दातांना लावणे हा मास्टरांचा सकाळचा पहिला उद्योग होता. त्यांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितले. मी वहीकडे बघितले.

"कडक भाकरी बंद. क्लॅरिनेट चार महिने बंद. रोज मऊ ब्रशनं घासायचं. आणि दर गुरुवारी इथं येऊन वाजवून घ्यायचं."

"क्लारनेट बंद म्हणता आन् वाजवून घ्या म्हणता."

"दात वाजवून घ्यायचा!"

हे वाक्य पानवाल्यापर्यंत गेले. त्याने पुढे बरेच दिवस मास्टरांना बघितले की "वाजला का?" असे विचारले.

मग डॉक्टरांनी जे सांगितले ते मी तेव्हाच कागदावर उतरवून घेतले, सवयीने. ते म्हणाले, "आपला दात बिघडला की दुखतो. बिचारा तक्रार करतो. या लोखंडाला तोंड नाही. आतून सगळं गेलं तरी हे गप्प बसतं. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. हिरडी लाल झाली, घासताना रक्त आलं, तोंडाला खारट चव आली, चावताना तेवढाच दात उंच लागला, तर लगेच यायचं. आणि या सगळ्याच्या आधी आवाज बदलतो. हलायला लागला की मग येऊ नका. मग मीच येईन, हार घेऊन."

मास्टरांनी ते टायटॅनियम आहे, लोखंड नाही, याची आठवण करून दिली. डॉक्टरांनी ते मान्य केले.

स्क्रू बसवला. पहिले काही गुरुवार आवाज "टक" होता. डॉक्टर अस्वस्थ असत, मी सांगितलेला शब्द वहीत लिहीत आणि पेन्सिल बराच वेळ कागदावरून उचलत नसत. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी स्वच्छ "टण" आला. बरणीच्या काचेवर नखाने टिचकी मारावी तसा. मी सांगितले. डॉक्टरांनी पुन्हा वाजवले. मी पुन्हा सांगितले. त्यांनी स्वतःचा कान मास्टरांच्या तोंडाला जवळजवळ लावून तिसऱ्यांदा वाजवले आणि म्हणाले, "मला नाही आलं ऐकू. पण तुमचा चेहरा बघितला." त्या दिवशी त्यांनी वर कचेरीत सगळ्यांना चहा पाठवला आणि चहावाल्याच्या कपालाही आरशाची दांडी लावून बघितली.

चार महिने झाल्यावर स्क्रूवर दात बसला. लग्नसराई तोंडावर आली होती. डॉक्टरांनी निळा कागद दातांमध्ये धरून मास्टरांना चावायला लावले आणि विचारले, "उंच लागतो का?" मास्टर म्हणाले, "न्हाय, न्हाय, एकदम बराबर." घाईने दिलेले उत्तर होते. अजून एक महिना भाकरी भिजवून खायची आणि मिसरीला हात लावायचा नाही, असे ठरले.

त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी आवाज वेगळा आला.

ही हकीकत नीट लिहिली पाहिजे. डॉक्टरांनी आधी शेजारचा दात वाजवला. "टक." मग बसवलेला दात वाजवला. आवाज "टण" नव्हता. शेवटचा नाद नव्हता. "टक" होता असेही म्हणता येत नव्हते. तो त्याहून आखूड होता. डॉक्टरांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. खुर्चीत मास्टर आ करून बसले होते. त्यांना बोलता येत नव्हते, पण भुवया वर गेलेल्या होत्या आणि डोळ्यांत विनंती होती. रविवारी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखानदाराच्या मुलीचे लग्न होते आणि मास्टर पुढे चालणार होते.

मी म्हणालो, "टण."

डॉक्टरांना शंका आली असावी. त्यांनी बाकावरच्या तिघांना आत बोलावले. पहिला एक शिंपी, दुसरे एक निवृत्त कारकून. दोघांनी आधी माझ्याकडे बघितले, मग डॉक्टरांकडे, मग मास्टरांच्या भुवयांकडे, आणि दोघेही म्हणाले, "टण."

तिसरी नरसक्का. ती विडी कारखान्यात काम करायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत आवाज सारखाच. दाढ दुखत असल्यामुळे तिने गालावरून डोक्यापर्यंत फडके बांधले होते आणि कान त्याखाली होता.

"अय्यो, हे तर थप वाजतंय की!"

"बाई, फडकं काढून ऐका," कारकून म्हणाले.

"फडक्यातून ऐकलं तरी थप. काढून ऐकलं तर काय टण होतंय? दिवसभर विड्यांचे कट्टे हातानं वाजवून बघते मी. आतनं पोकळ हाय ते."

"ताई, तुमची दाढ दुखतीय म्हणून," शिंपी समजुतीच्या सुरात म्हणाला.

"दाढ माजी दुखतीय, कान न्हाय."

मास्टरांनी आ मिटला. "डाक्टर, तीन विरुद्ध एक झालं की."

डॉक्टरांनी वहीत लिहिले: "टण (३). थप (१, नरसक्का, दाढदुखी)." मग "टण"खाली रेघ मारली.

रविवारी दुपारी मी त्या लग्नाला बातमीसाठी गेलो होतो. मास्टर नवा पट्टा लावून पुढे होते. पहिली दोन गाणी व्यवस्थित झाली. तिसऱ्या गाण्यात वरच्या पट्टीतला एक सूर लागला आणि त्याबरोबर एक दुसराच आवाज आला. भुंगा डबीत अडकल्यासारखा. ढिला झालेला दात क्लॅरिनेटच्या तोंडावर थरथरत होता. मास्टर दचकले. वऱ्हाडी मात्र खूश झाले. कारखानदारांचे मेहुणे पुढे आले आणि म्हणाले, "मास्टर, ते भुंग्याचं परत होऊ द्या!"

मास्टरांनी परत केले. भुंगा पुन्हा आला. टाळ्या झाल्या. पोरे नाचायला लागली. शेजारच्या बंगल्यातला कुत्रा कुंपणावर पाय ठेवून ओरडू लागला, तर त्यालाही दाद मिळाली. चौथ्या फर्माइशीला भुंगा सुरापेक्षा मोठा झाला आणि मग एकदम थांबला. मास्टरांनी तोंडाला हात लावला. हातात स्क्रूसकट दात आला होता. त्यांनी तो बघितला, अंगरख्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावले. क्लॅरिनेट पुतण्याच्या हातात दिले. मग चालत्या बँडच्या कडेने ते मागे गेले, झांजवाल्याकडून झांजा घेतल्या आणि पुढच्या ठोक्यावर बरोबर वाजवल्या.

बँड थांबला नाही. मी बातमीत जेवणाचा उल्लेख केला, बँडचा केला नाही.

सोमवारी मास्टर दवाखान्यात आले. वर कचेरीत सगळे ऐकू येत होते. त्या दिवशी टेलिप्रिंटर बंद होता.

"मिसरी लावली?"

"न्हाय."

"मास्टर."

"लावली. पर दुसऱ्या बाजूनं."

"घासताना रक्त येत होतं?"

"जरा. म्हणून घासायचं बंद केलं."

"भाकरी?"

"भिजवून खाल्ली की."

"कशात भिजवून?"

"शेंगाच्या चटणीत."

ही चटणी कोरडी असते, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही.

"दात उंच लागत होता?"

"पयल्या दिवसापासनं. मला वाटलं, नवा हाय, बसंल खाली."

"आणि चार महिन्यांत क्लॅरिनेट?"

"वाजिवलं न्हाय. आयशपथ. नुसतं तोंडात धरलं."

"किती वेळ?"

"तीन लग्नं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि जिन्यावर पावले वाजली. डॉक्टर वही घेऊन वर आले. ती वही दवाखान्याबाहेर आलेली मी पहिल्यांदा बघत होतो. ते माझ्या टेबलापाशी थांबले, पान उघडले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. निदान तसा प्रयत्न केला.

"त्या गुरुवारी काय वाजलं होतं?"

"टकपेक्षा आखूड," मी म्हणालो. "थपच्या जवळ."

"मग टण का सांगितलं?"

वृत्तसंपादकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले. दुसऱ्याच्या बातमीतला एक चुकीचा आकडा त्यांना तीन दिवस बोलायला पुरत असे.

"मास्टरांनी मिसरी लावली, भाकरी खाल्ली, खोटं बोलले," डॉक्टर म्हणाले. "ते पेशंट आहेत, त्यांचं कामच ते. हिरडी मी बघायला पाहिजे होती. बघितली नाही. रेघ मारून मोकळा झालो. पण वेळेवर थप कळलं असतं तर दात काढून ठेवला असता, हिरडी साफ केली असती, हाडाला सवड दिली असती. वाचला असता कदाचित. मला ऐकू येत नाही हो. तुम्हाला येतं."

त्यांनी माझ्या टेबलावरची प्रुफाची लाल पेन्सिल घेतली, "टण (३)" वर काट मारली, बाजूला "थप" लिहिले आणि सही केली. मग वही माझ्यापुढे केली. मीही सही केली.

त्या आठवड्यापासून गुरुवारचा कान बदलला. नरसक्काची दाढ डॉक्टरांनी विचार करून वाचवली आणि मोबदल्यात तिने दर गुरुवारी कारखान्यातून सुटल्यावर यायचे ठरले. ती खुर्चीच्या डाव्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभी राहायची. तिच्या काळात वहीतले "टण" झपाट्याने कमी झाले. दवाखान्यातली मंडळी तिला घाबरू लागली. एका व्यापाऱ्याच्या तोंडात एकामागून एक चार "थप" सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, एखादा तरी टण म्हणा." ती म्हणाली, "शेठ, तुमी एखादा तरी घासा."

जबड्याचे हाड भरून यायला सहा महिने गेले. तेवढा काळ मास्टर झांजेवर होते. डब्यात एकच स्क्रू उरला होता. तो बसवण्याआधी डॉक्टरांनी मास्टरांना नरसक्कापुढे उभे केले.

"बोटं दाखवा," ती म्हणाली.

मास्टरांनी बोटे पुढे केली. तिने ती हुंगली. तंबाखूत दिवस काढणाऱ्या बाईच्या नाकाला मिसरी लपत नाही, हे मास्टरांना तेव्हा कळले. त्यांना एक महिना परत पाठवण्यात आले.

महिन्याने स्क्रू बसला. क्लॅरिनेट कुलूप लावून दवाखान्याच्या कपाटात ठेवण्यात आले. भाकरी दुधात भिजवल्याचे मास्टरांच्या बायकोने स्वतः येऊन सांगायचे. दात बसवताना निळा कागद पाच वेळा चावून घेतला. डॉक्टरांनी दात जरासा बुटकाच ठेवला. एकदा हिरडी लाल दिसली तेव्हा मास्टर दुसऱ्याच दिवशी सकाळी सायकल मारत आले आणि दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर आ करून बसले. डॉक्टरांनी हिरडी साफ करून दिली आणि लाली आठवड्यात गेली.

सगळ्यात कठीण होते नरसक्काकडून शब्द मिळणे. पाच महिने ती "टक"च्या पुढे जाईना. मी आता फक्त बघायला खाली जात असे. माझ्या कानाला एव्हाना "टण" ऐकू येत होता, पण मला कोणी विचारत नव्हते. शेवटी एका गुरुवारी डॉक्टरांनी वाजवले. नरसक्का म्हणाली, "परत." त्यांनी परत वाजवले. "फॅन बंद करा." फॅन बंद झाला. बाकावरची माणसे श्वास धरून दारात आली. पानवालाही आला होता. तिसऱ्यांदा वाजले.

"हां," ती म्हणाली. "आता टण."

मास्टर खुर्चीतून उठले ते आ न मिटताच. डॉक्टरांनी कपाटाचे कुलूप काढले. त्या संध्याकाळी सात रस्त्यावर कोणाचेही लग्न नसताना अर्धा तास क्लॅरिनेट वाजत होते. भुंगा आला नाही. पानवाल्याने त्याची एकदा फर्माइश केली, तेव्हा नरसक्काने त्याच्याकडे नुसते बघितले. पुढच्या लग्नात मास्टर पुढे होते आणि पुतण्या त्यांच्या मागे दोन पावलांवर. ऐंशीचे दशक संपता संपता मी सोलापूर सोडले, तेव्हाही मास्टर पुढेच होते. त्यानंतरचे मला माहीत नाही.

सोडण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात डॉक्टर मला शेवटचे दिसले. रस्त्याच्या कडेला कुंभाराने माठ मांडले होते. डॉक्टर उकिडवे बसून आरशाच्या दांडीने एकेक माठ वाजवत होते. कुंभार हताश होऊन बघत होता. ऐकू आणखी कमी झाले असावे, कारण मी दोनदा हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"बरं झालं, कान आला," ते ओरडले आणि हातातला माठ वाजवला. "काय?"

"थप," मी म्हणालो.

"काय हो साहेब," कुंभार म्हणाला, "चांगला भाजलेला हाय."

"थप आहे," मी पुन्हा सांगितले.

डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि माझ्याकडे समाधानाने बघितले. दुसरा वाजवला. मी "टक" सांगितले. तोही बाजूला गेला. तिसरा वाजवला. तो स्वच्छ होता, शेवटच्या नादापर्यंत. मी नीट ऐकले, डोळे मिटून पुन्हा एकदा वाजवायला लावले आणि मग म्हणालो, "टण."

डॉक्टर थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आरसा खिशात ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि कुंभाराला म्हणाले:

"हा बाजूला ठेव. कोणाला देऊ नको. मी नरसक्काला घेऊन येतो."

आणि दोन्ही बाजूंना सायकली बघत ते रस्ता ओलांडून गेले.